शिकेकाईचे ऋण

‘शिकेकाई’तील ‘काई’ म्हणजे तमिळ-कन्नडांतील ‘काय्’, अर्थात फळ. हे नाव मराठीने दक्षिणेकडूनच घेतले! मद्रासेतील आम्हां मराठी मंडळींच्या घरी पितळ चिंचेने, भांडी राखेने आणि रेशीम रिठ्याने उजळत असे. १९५९ साली ‘सर्फ’ची भुकटी देशात आली आणि ही रीत गावंढळ वाटू लागली. त्या काळी जगभर वापरात असलेल्या भुकट्यांतील शाखायुक्त रेणू जिवाणूंना सहजी फोडता येत नसत. इंग्लंड-जर्मनीतील नद्यांवर फेसाचे थर साचले. तेव्हा सरळ साखळीचे, लवकर विघटन पावणारे द्रव्य पुढे आले. त्याचा कच्चा माल आता चेन्नईच्याच मणलीत तयार होतो.

अलीकडे आमच्या सुना पुन्हा रिठे भिजवू लागल्या आहेत, याचे आम्हांस कौतुक वाटते. मात्र रिठ्याचे पाणीही माशांना मारक असते, हे ऐकून त्या चकित झाल्या. ते पाणी आता गटारात न जाता परसातील केळीला जाते.