वहीच्या माथ्यावरचा ‘श्री’

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी वही उघडली जाते आणि तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढला जातो. आपल्याकडे लग्नपत्रिका गणपतीच्या नावावाचून छापली जात नाही. पूर्वी तर साधे खुशालीचे कार्डसुद्धा माथ्यावर ‘श्री’ घातल्याखेरीज टपालपेटीत पडत नसे. अशा या देशाने आपल्या कारभाराची सर्वांत मोठी वही लिहावयास घेतली, तेव्हा तिच्या पहिल्या ओळीत देवाचे नाव का बरे घातले नाही?

आमच्या शाळेत रोज सकाळी राज्यघटनेचा सरनामा म्हटला जातो. एकदा सातवीतल्या एका मुलाने मला नेमका हाच प्रश्न विचारला होता. ‘आपले राज्य निधर्मी आहे म्हणून,’ असे ठरावीक उत्तर देऊन मी त्याला खाली बसविले. पुढे घटनासमितीतील चर्चा वाचनात आली आणि माझे उत्तर किती तोकडे होते ते ध्यानी आले. ती हकीकत वाचकांना सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

१७ ऑक्टोबर १९४९ चा तो दिवस. घटनेची कलमे बहुतेक पुरी होत आली होती आणि दिल्लीस डॉ. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली सरनाम्याचा विचार चालला होता. ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द घालावेत, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली. कामत मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले. आय.सी.एस.ची मानाची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले होते. राज्यघटना गीतेतल्या समर्पणाच्या भावनेने ईश्वराच्या चरणी वाहावी, अशी त्यांची मनापासूनची इच्छा होती. तीत कुणाला कमी लेखण्याचा हेतू नव्हता.

परंतु दुरुस्ती पुढे आली मात्र, आणि एकेक अडचण उभी राहू लागली. कामाख्यादेवीच्या आसामातून आलेले रोहिणीकुमार चौधरी म्हणाले की, आम्ही शक्तीचे उपासक. नुसत्या देवाचे नाव घेऊन देवीला वगळणे आम्हांला कसे रुचेल? ऐकणाऱ्यास हसू येईल, पण मुद्दा खोल होता. ‘ईश्वर’ हा शब्द सर्वांचा म्हणून उच्चारावा, तर तोही कुणाला तरी बाहेर ठेवतोच. त्रावणकोरचे पट्टम थाणु पिल्लै यांनी, ही श्रद्धेच्या बाबतीतली सक्ती ठरेल, असे बजावले. देव मानण्याचा जसा माणसाला हक्क आहे, तसा न मानण्याचाही आहे, हे त्यांचे म्हणणे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांना तर हा विषय सभागृहात यावा याचेच वाईट वाटले. अंतःकरणातल्या अत्यंत पवित्र भावनेची अशी जाहीर चर्चा व्हावी आणि आपली भावना दुसऱ्यावर लादली जावी, हे त्यांना घटनेच्या उदार वृत्तीशी विसंगत वाटले.

पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना कळकळीची विनंती केली की, देवावर मत देण्याच्या संकटात आम्हांला टाकू नका. कामत मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. अखेर हात वर करून मोजणी झाली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. दुरुस्ती फेटाळली गेली. हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, देव भारताचे रक्षण करो, असे उद्गार कामतांनी व्यथित होऊन काढले.

या प्रसंगाला नास्तिकांनी आस्तिकांचा केलेला पराभव समजणे चुकीचे होईल. कुंझरूंचा आक्षेप देवाविषयीच्या अनादरातून आलेला नव्हता. ज्याला आपण पवित्र मानतो त्यावर हात मोजण्याची वेळ येऊ नये, असे वाटल्यामुळे तो आला होता. ज्यांच्या अध्यक्षतेखाली मोजणी झाली ते राजेंद्रप्रसाद स्वतः मोठे श्रद्धाळू. पुढे मे १९५१ मध्ये पंडित नेहरूंची नापसंती असतानाही ते राष्ट्रपती या नात्याने सोमनाथाच्या प्रतिष्ठापनेस गेले.

आणखी एक गंमत अशी की, घटनासमितीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही त्या वेळी स्वीकारला नव्हता. प्रा. के. टी. शहा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये तशी दुरुस्ती सुचविली होती. तीही फेटाळली गेली. तो शब्द सरनाम्यात आला १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे प्रारंभी या वहीवर देवाचेही नाव नव्हते आणि धर्मनिरपेक्षतेची पाटीही नव्हती. जे काही होते ते आतल्या कलमांत होते.

त्या कलमांत काय आहे? मंत्र्यांचा शपथविधी आपण पाहतो. कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतो, तर कुणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणतो. दोन्हींचे वजन सारखेच. सरनाम्यात जी गोष्ट सर्वांच्या वतीने एकदम करता आली नाही, ती शपथेत ज्याच्या त्याच्या मनावर सोपविली आहे.

राज्याने धर्माकडे पाठच फिरवावी, असेही घटनेने म्हटलेले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले, हे आपण विसरलेलो नाही. पुढे घटनेच्या पंचविसाव्या कलमाने हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. दार बंद असेल तर राज्याने ते उघडावे. आत जाऊन हात जोडायचे की नाही, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. माझ्या अल्पमतीला या साऱ्या चर्चेचे सार एवढेच दिसते.

अठ्ठाविसावे कलम तर थेट आम्हां शिक्षकांसाठीच आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला, तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही. हे कलम वाचले तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला. प्रार्थनेच्या वेळी एक मुलगा ओठ मिटून उभा राही. सर्वांदेखत मी त्याला उद्धटपणाबद्दल रागावलो होतो. त्याने उलट उत्तर दिले नाही. मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या घरचा धर्म निराळा होता, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. कामतांप्रमाणेच माझाही हेतू वाईट नव्हता. पण त्या मिटलेल्या ओठांमागे काय आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही, ही गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

यंदा सातवीच्या वर्गाला मी ही सारी हकीकत सांगितली. तास संपता संपता एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही तिथे असता तर कुणाच्या बाजूने हात वर केला असता?”

मी रोज सायंकाळी देवापुढे दिवा लावतो. येत्या लक्ष्मीपूजनालाही माझ्या वहीवर ‘श्री’ काढीनच. पण ती वही माझी आहे. “मी त्या अडुसष्टांत असतो,” असे मी त्या मुलीला सांगितले. आणि ते सांगताना तो ओठ मिटून उभा राहिलेला मुलगा माझ्या डोळ्यांपुढे होता.