राज्ये बदलली, शब्बाथ राहिला

भोपाळच्या इतिहासात राज्यबदल ही नवलाची गोष्ट नाही. गोंड राणी कमलापती, दोस्त मोहम्मदखान, १८१९ ते १९२६ या काळातील बेगमा आणि १९४९ चे भारतातील विलीनीकरण एवढ्या टप्प्यांचे स्मरण केले, तरी सत्ता किती वेळा पालटली हे ध्यानात येते. धनी बदलला की प्रजेपुढे एक प्रश्न उभा राहतो : आपली श्रद्धा आणि आपली ओळख आता कशी टिकवावी ? पवित्र शास्त्राच्या वाचकांस हा प्रश्न परिचित आहे, कारण इस्राएल लोकांच्या इतिहासाचा फार मोठा भाग परक्या राजांच्या छायेखालीच घडला. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासाचा धावता आढावा घेऊन, त्याच लोकांच्या मराठी बोलणाऱ्या शाखेकडे, म्हणजे कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे वळणार आहोत.

परक्या सत्तांची मालिका

इ. स. पूर्व ७२२ मध्ये अश्शूरच्या राजाने शोमरोन घेतले व उत्तरेचे राज्य संपले. इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. पारसाचा राजा कोरेश याने इ. स. पूर्व ५३८ मध्ये बंदिवानांस परतण्याची मोकळीक दिली. परंतु स्वतंत्र राज्य दिले नाही. इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडर आला. त्याच्यामागून मिसरचे टॉलेमी आणि पुढे सिरियाचे सेल्युकसवंशीय राजे आले.

यांपैकी बहुतेकांस कर आणि निष्ठा एवढेच हवे होते. अंतियोख एपिफानेस मात्र तेवढ्यावर थांबला नाही. इ. स. पूर्व १६७ मध्ये त्याने शब्बाथ, सुंता आणि नियमशास्त्राचे ग्रंथ बाळगणे यांवर बंदी घातली व मंदिर विटाळले. त्यातून मक्काबी घराण्याचा उठाव झाला आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करण्यात आले. त्या विजयाचे स्मरण म्हणजे हनुक्काचा सण. परंतु इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमी सेनापती पॉम्पे यरुशलेमात शिरला, इ. स. ७० मध्ये दुसरे मंदिर जळाले, आणि इ. स. १३५ नंतर यहूद्यांस त्या नगरात पाऊल ठेवण्याचीही बंदी झाली.

राजा गेला, मंदिर गेले, भूमी गेली. तरीही धर्म राहिला, कारण त्याचे मूळ घरात रुजलेले होते. बाबेलातील बंदिवानांस यिर्मयाने पत्राने कळविले होते की, तेथे घरे बांधावी, बागा लावाव्या आणि त्या नगराच्या कुशलतेसाठी प्रार्थना करावी. परक्या नगरात राहून देवाचे लोक म्हणून जगता येते, हा त्याचा आशय. अंतियोखाने घाव घातला तो याच घरगुती आचारांवर.

नवगावचा किनारा

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे, त्यांचे पूर्वज या अंतियोखाच्याच काळात देश सोडून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जुन्या काळी या समाजात हनुक्का पाळला जात नसे, म्हणून तो सण सुरू होण्यापूर्वीच पूर्वज निघाले असावेत, असे अनुमान काढले जाते. या परंपरेस समकालीन लेखी पुरावा नाही. मात्र त्यांच्या वंशात पश्चिम आशियातील यहूदी व भारतीय असे दोन्ही अंश आहेत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले आहे.

कोकणावर शिलाहार, निजामशाही, जंजिऱ्याचे सिद्दी, शिवाजी महाराज, आंग्रे, पेशवे आणि शेवटी कंपनी सरकार अशा सत्ता येऊन गेल्या. या लोकांनी तेलाचे घाणे चालविले आणि शेती केली. सिद्दी व आंग्रे यांच्या पदरी चाकरीही केली. गावाच्या नावास ‘कर’ जोडून ते पेणकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. जो शब्बाथ पाळल्याबद्दल अंतियोखाच्या राज्यात मरणदंड होता, तोच कोकणात एका समाजाचे साधे नाव झाला. ही गोष्ट आपल्या देशास भूषणावह आहे.

त्यांच्याजवळ तेव्हा काय उरले होते ? दक्षिण भारतातील मिशनरी सार्टोरियस यांच्या १७३८ मधील पत्रात नमूद आहे की, या लोकांपाशी जुना करार नव्हता. ‘शेमा’ ही एकच प्रार्थना त्यांस ठाऊक होती. ‘हे इस्राएला, ऐक’ या अर्थाचा तो आरंभ सुंतेच्या व लग्नाच्या वेळी उच्चारला जाई. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि शेमा एवढीच त्यांची शिदोरी होती. सणांस मराठी नावे पडली होती : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण मंदिराच्या नाशाच्या उपासाचा. यरुशलेमाचा शोक अशा रीतीने वालाच्या बिरड्याशी जोडला जाऊन स्वयंपाकघरात टिकला.

या समाजास निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. भोवतालच्या जातिभेदाची छाया त्यांच्यावरही पडली आणि ‘गोरे इस्राएल’ व ‘काळे इस्राएल’ असे भेद त्यांनी केले. आपल्या मंडळ्यांस हे दुखणे अपरिचित नाही.

शास्त्र हाती आल्यावर

१७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकू लागली. कित्येक तरुण तेथे शिक्षक झाले. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. मराठीतील जुना करारही याच कार्यातून त्यांच्या हाती पडला.

मिशनऱ्यांची अपेक्षा निराळी होती. घडले ते निराळे. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. बहुतेकांनी ते शास्त्र वाचून आपल्याच पूर्वजांचा धर्म अधिक जाणतेपणाने धरला. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची शाळा उघडली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली. तेथेही त्यांच्या यहूदीपणाविषयी शंका घेतली गेली, ती १९६४ मध्ये तेथील सरकारने दूर केली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहूद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

मिशनचे हे अपयश म्हणावे काय ? आम्हांस तसे वाटत नाही. वचन देणे आपल्या हाती असते. त्याचे फळ ठरविणे आपल्या हाती नसते. ज्यांच्या पूर्वजांकडून ते वचन आपणांस लाभले, त्यांच्याच वंशजांस ते मराठीत परत मिळाले, यात ऋणाची थोडीतरी फेड झाली.

पाळकांनी व धर्मशिक्षकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. व्यासपीठावरून ‘यहूदी’ हा शब्द आपण पुष्कळदा केवळ हट्टी विरोधकांचे नाव म्हणून वापरतो, आणि मुलांस शिकविताना त्यांचा इतिहास इ. स. ७० पाशी संपवितो. तो तेथे संपला नाही. तो आपल्याच भाषेत, आपल्याच किनाऱ्यावर पुढे चालू राहिला. बंदिवासाचा धडा शिकविताना नवगाव आणि शनिवार तेली यांचाही उल्लेख व्हावा. ज्या मंडळीस स्वतःचा पाळक नाही, इमारत नाही, आणि जिची मुले शाळेत दुसरीच भाषा बोलतात, तिला या इतिहासाचा विशेष उपयोग आहे. एक प्रार्थना, एक विसाव्याचा दिवस आणि ताटातील शिस्त एवढ्यावर एक लोकसमूह शतकानुशतके टिकला. आणि हे सारे आईबापांनी मुलांस घरीच शिकविले होते.