बोले ठराव आणि गावाचे पाणी

महाडचे चवदार तळे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी तिथले पाणी प्राशन केले. ही हकीकत शाळेतली मुलेसुद्धा सांगतील. पण तिच्या मागे आणखी एक हकीकत आहे. ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती माणसे तळ्यावर गेली ती कायदा मोडायला नव्हे. जो हक्क सरकारने आणि महाडच्या म्युनिसिपालिटीने आधीच कागदावर मान्य केला होता, तो बजावायला ती गेली होती. मग हा हक्क कागदावर आला कसा? तो आणला मुंबई कायदेकौन्सिलच्या एका सभासदाने, म्हणजे आजच्या भाषेत एका आमदाराने. त्यांचे नाव सीताराम केशव बोले.

बोले भंडारी समाजातले. ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठी कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या प्रमुखांत ते होते. म्हणजे चाळीत राहणारा, भोंग्याच्या हाकेवर धावणारा माणूस त्यांना जवळून माहीत होता. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज हजारो लोक जातात. त्यातल्या किती जणांना हे बोले कोण हे सांगता येईल?

त्या काळची पाण्याची स्थिती कशी होती ते आधी ध्यानात घेऊ. गावात विहीर असे, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाने तिच्या काठाला शिवायचे नाही. बाई घागर घेऊन दूर उभी राहणार, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, नाही आली तर ऊन डोक्यावर घेऊन ती तशीच उभी. महाड हे तालुक्याचे गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसे तिथे बाजाराला येत, सरकारी कामाला येत, कोणी गावकामगार म्हणून कचेरीत टपाल किंवा वसूल पोचवायला येत. या माणसांना गावाच्या मध्यावर असलेल्या तळ्यातले पाणी चालत नसे. त्यांच्यासाठी जी विहीर होती ती त्यांच्या वस्तीत, बाजारापासून लांब, आणि तीही गाळाने भरलेली. सरकारचे काम करायला आलेल्या माणसाला सरकारच्या गावात पाणी मिळत नव्हते, असा हा प्रकार.

आता कायदेकौन्सिलकडे वळू. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिले वाढवली, निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढली, आणि शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती मंत्र्यांच्या हाती दिली. पण मोठी दोरी गव्हर्नरच्या हातातच राहिली. सभासदाने ठराव मांडला आणि तो बहुमताने मंजूर झाला, तरी तो सरकारला केलेली शिफारस ठरे. पाळायचा की नाही, हे सरकारने पाहावे. अशा मर्यादित हत्याराने काय साधणार, असे म्हणून पुष्कळजण स्वस्थ बसले. बोले स्वस्थ बसले नाहीत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव कौन्सिलने मंजूर केला. त्याचा आशय असा: ज्या सार्वजनिक पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो, किंवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांकडे आहे, ती सर्व ठिकाणे अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावीत, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, सरकारी कचेऱ्या आणि दवाखानेही.

श्रोते हो, या ठरावाची मांडणी नीट पाहा. बोल्यांनी शास्त्राचा वाद काढला नाही. कोण उच्च, कोण नीच, धर्म काय सांगतो, याच्या खोलात ते शिरले नाहीत. त्यांनी सवाल केला तो पैशाचा. विहीर कोणाच्या पैशातून बांधली? सर्वांच्या. तिची दुरुस्ती कोणाच्या पैशातून होते? सर्वांच्या. मग तिच्यावर पोहरा सोडण्याचा हक्क काहींचाच कसा? अस्पृश्य मानलेला माणूस बाजारात मीठ घेई, पट्टी भरी, सरकारी कामाला राबे. सरकारच्या तिजोरीत त्याचा पैसा जाताना बाटत नव्हता. तो पाण्यापाशी आला की मात्र बाटे! सार्वजनिक या शब्दाचा खरा अर्थ त्या ठरावाने कौन्सिलच्या दप्तरात लिहून ठेवला. शिवाय या यादीत पाण्याबरोबर शाळा आहे, दवाखाना आहे, न्यायकचेरी आहे. तहान, अज्ञान, आजार आणि अन्याय या चारही ठिकाणी माणूस दाराबाहेर उभा राहू नये, असा तो हिशेब होता.

मग पुढे काय झाले? ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारी हुकूम निघाला. सरकारच्या स्वतःच्या ठिकाणांपुरती खातेप्रमुखांना अंमलबजावणी करण्यास सांगितले. म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच. सल्ला म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्याला ऐकायचे नाही त्याच्या दृष्टीने सल्ला हा वाऱ्यावर गेलेला शब्द.

तरी काही ठिकाणी हालचाल झाली. महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ ला ठराव करून आपली ठिकाणे, त्यांतच चवदार तळेही, सर्वांना खुली केली. कागदावर काम फत्ते! पण तळ्यावर एकही नवी घागर उतरली नाही. उतरणार कशी? पाण्याला हात लावणाऱ्यावर लोक धावून आले तर त्याला वाचवायला कोण येणार, हे त्या ठरावात कुठेच लिहिलेले नव्हते.

आपला ठराव कागदावरच राहिला आहे हे बोल्यांनी पाहिले. अशा वेळी बहुतेक सभासद काय करतात? एकदा बोललो, छापून आले, कर्तव्य झाले. बोल्यांनी तसे केले नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यात शिफारस होती. पहिल्या ठरावात पैशाचा न्याय होता, दुसऱ्यात त्याच पैशाचा धाक आला. सार्वजनिक पैसा हवा, तर सार्वजनिक वागणूकही हवी, असा त्याचा रोखठोक अर्थ.

तरीसुद्धा तळ्याचे पाणी हलले नाही. ते हलायला माणसे जावी लागली. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खूप खपून तयारी केली होती. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखी स्पृश्य समाजातली माणसे बरोबर होती. खुद्द म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस परिषदेच्या पाठीशी होते. डॉ. आंबेडकर त्याच वर्षाच्या आरंभी कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले होते. दुसऱ्या दिवशी परिषदेतली माणसे रांगेने शांतपणे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली.

त्यानंतर गावात हूल उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या निघाल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला, परत गावी निघालेल्यांना वाटेत गाठून मारले. उलट हात उगारण्याइतके बळ परिषदेच्या लोकांत होते. त्यांच्यात पलटणीत नोकरी केलेली माणसे होती. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरून धरले. पुढे तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतण्यात आल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाडच्या म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. गावात मंडपाला जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. पण त्याआधीच विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारो लोकांनी कोर्टाचा मान राखला. पाण्याला हात न लावता तळ्याला वळसा घालून मिरवणूक गेली. लढाई आता कोर्टात शिरली आणि तिथे सुमारे दहा वर्षे चालली.

वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना तळे बंद असण्याची वहिवाट अनादी आहे. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला. योगायोग पाहा, १९२२ मध्ये अहमदाबादेत महात्माजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड ते हेच. कोर्टाने सांगितले की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, आणि वादींचे अपील फेटाळले. तळे म्युनिसिपालिटीचे, म्हणजे सर्वांचे. चौदा वर्षांपूर्वी बोल्यांच्या ठरावात जो न्याय होता, तोच शेवटी कोर्टाच्या निकालाने उभा राहिला.

आता कोणी विचारील, मग श्रेय कोणाचे? ठराव आणणाऱ्याचे, की मार खाऊन पाणी पिणाऱ्यांचे? माझ्या मते हा सवालच चुकीचा आहे. नुसत्या ठरावाने पाणी मिळत नाही, हे १९२४ ते १९२७ या तीन वर्षांनी दाखवले. पण ठराव नसता, तर तळ्यावर गेलेली माणसे लोकांच्या नजरेत दंगेखोर ठरली असती. ठरावामुळे ती हक्कदार ठरली आणि त्यांना अडवणारे ठरले अडवणूक करणारे. बांध घातल्याशिवाय पाट काढता येत नाही, आणि पाट काढला नाही तर बांधातले पाणी शेताला मिळत नाही. दोन्ही कामे लागतात, आणि ती एकाच माणसाने केली पाहिजेत असे नाही.

हा ठराव पुढे कुठवर गेला ते सांगून थांबतो. १९५० मध्ये भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात अवश्य वाचून दाखवावा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, जी ठिकाणे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखली जातात, तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा भाव आहे. त्याच्या शेजारी १९२३ चा ठराव ठेवा. विहीर तीच, आणि तिच्यावर खर्च होणाऱ्या सर्वांच्या पैशाचा न्यायही तोच. फरक एवढाच की, तेव्हा ती शिफारस होती, आता तो मूलभूत हक्क आहे.

पण मंडळी, कागद कितीही मोठा झाला तरी विहीर असते गावातच. तिथे कोण पाणी भरते, कोण थांबते, शाळेतल्या माठाला कोणाचा हात लागतो आणि कोणाचा लागू देत नाहीत, हे विधानसभेतून दिसत नाही. ते गावालाच पाहावे लागते. आपल्या गावचा एखादा ठराव नुसताच दप्तरात पडून असेल, तर तो बाहेर काढा, वाचा, आणि सवाल करा: हा मंजूर कधी झाला, आणि याचे पाणी अजून कोणाच्या घरी पोचले नाही?