तज्ज्ञ साक्ष, वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांतील

उपचारात कसूर झाली की रोगच हाताबाहेर गेला होता, याविषयी जाणकार डॉक्टरने न्यायालयासमोर दिलेले मत. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली ते ग्राह्य धरत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ लागू आहे. असे मत देणारा डॉक्टर मिळवणे हे फिर्यादीचे सर्वांत अवघड काम. वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सहव्यावसायिकाचे गैरवर्तन न भिता उघड करायला सांगते, पण तेवढ्यासाठी पिंजऱ्यात उभा राहणारा विरळाच. एकमेकांकडे रुग्ण पाठवण्यावर व्यवसाय चालतो, संघटना एकच असते आणि ‘आज त्याच्यावर, उद्या माझ्यावर’ ही धास्तीही असते. ती सगळीच खोटी म्हणता येत नाही; वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे डॉक्टरइतके कोणाला ठाऊक असते?

महाराष्ट्रातील गाजलेले खटले पाहिले, तर वैद्यकीय बाजू कशी उभी राहिली हे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसते. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या खटल्यात पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण ९ मे १९५३ रोजी पुण्याच्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच रात्री दगावला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढल्याचा ठपका न्यायालयांनी ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. मृताचे वडील स्वतः दौंडला व्यवसाय करणारे डॉक्टर होते. असे घर किती जणांचे असते? औरंगाबादच्या ‘अच्युतराव खोडवा’ प्रकरणात १९६३ च्या नसबंदी शस्त्रक्रियेनंतर बाईच्या पोटात टॉवेल राहिला होता. तिथे वस्तूच बोलली. तरी भरपाईचा शेवटचा निकाल १९९६ मध्ये लागला.

साक्षीच्या दृष्टीने सर्वांत बोलका खटला मुंबईचा. कर्करोगाने आजारी असलेल्या महिलेवर शस्त्रक्रिया करू नये, असे न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग यांचे मत होते. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत पोट उघडले गेले आणि पुढचे काही न करता बंद करावे लागले. पुढे खटला उभा राहिला. ग्रीनबर्ग साक्षीला तयार होते, भारतात यायला नव्हते. दृक्‌श्राव्य दुव्यावरून साक्ष घ्यायला उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालाने परवानगी दिली. आज देशभर अशा साक्षी होतात, त्यांची वाट या खटल्याने खुली केली. या खटल्यातील आरोपी डॉ. देसाई २०११ मध्ये दोषी ठरले, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना फौजदारी आरोपातून निर्दोष सोडले.

फौजदारी बाजूला ‘जेकब मॅथ्यू’ (२००५) निकालाने दारच अरुंद केले. दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वासार्ह मत जोडल्याशिवाय खासगी फिर्याद दाखल करून घेऊ नये, आणि पोलिसांनीही आधी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, घ्यावे. सुडाच्या तक्रारींपासून डॉक्टरांना संरक्षण हवे हे खरे. पण जे मत मिळत नाही तेच प्रवेशपत्र ठरले. ग्राहक आयोगात स्थिती सौम्य आहे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञमत लागत नाही, असे ‘व्ही. किशनराव’ (२०१०) निकाल सांगतो. ‘रहेजा’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रुग्णाला कागदपत्रे देणे बंधनकारक मानले. २००२ च्या संहितेत त्यासाठी मागणीपासून ७२ तासांची मुदत आहे. गावाबाहेरच्या डॉक्टरचे मत घ्यायचे, तर आधी ही कागदपत्रे हाती हवीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडसारख्या कर्नाटक सीमेवरच्या तालुक्यात आणखी गुंता होतो. ग्रामीण रुग्णालयातून गंभीर रुग्ण गडहिंग्लज, कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय किंवा जवळच्या बेळगावला जातो. बेळगावच्या डॉक्टरविरुद्धची तक्रार कर्नाटक वैद्यक परिषदेकडे करावी लागते. भरपाईसाठी मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरला, दावा लावता येतो. सर्वांना मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय या कायद्याखाली येत नाही. तिथे खोडवा कुटुंबासारखा दिवाणी दावाच करावा लागतो.