‘हेमाडपंती’ या नांवाविषयीं

चुन्यावांचून दगड सांधून बांधलेलें जुनें देऊळ दिसलें कीं महाराष्ट्रांतील लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. मोडी लिपि लंकेहून आणणारा हेमाडपंत तोच, असेंही सांगतात. आमच्या मतें हें नांव आदराचें खरें, परंतु कालनिर्णयास बाधक आहे.

हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६० च्या सुमारास सुरू झाली. उलट अंबरनाथच्या शिवालयांतील लेख शके ९८२ चा (सुमारें इ. स. १०६०) असून त्यांत शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. अर्थात् हें देऊळ हेमाद्रीहून दोन शतकें जुनें होय.

त्याचें शिखर भग्न आहे. तरी चारी दिशांस वर चढणारे उभे पट्टे व त्यांमध्यें लहान शिखरांच्या ओळी ही मूळ रचना ओळखूं येते. शिल्पशास्त्रांत हिला ‘भूमिज’ अशी संज्ञा असून भोजाच्या नांवावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथांत तिचें वर्णन आहे. माळव्यांतील उदयपूर येथें परमार उदयादित्यानें इ. स. १०८० च्या सुमारास पूर्ण करविलेलें उदयेश्वराचें देऊळ याच घडणीचें. सिन्नरचा गोंदेश्वरही त्याच कुळांतला.

कोंकणापासून माळव्यापर्यंत पसरलेली ही कला एकट्या मंत्र्याच्या नांवें घातल्यानें तिच्या सूत्रधारांचें श्रेय बुडतें व दोन प्रांतांचा संबंधही झांकला जातो. दंतकथा ही लोकस्मृतीचा पुरावा आहे, काळाचा नव्हे. देवळाचा काळ लेखावरून व घडणीवरूनच ठरविला पाहिजे.