ब्रेकच्या वायरीची कुळकथा

भोरहून वरंधा घाट उतरताना किंवा पाबे घाटातून वेल्ह्याकडे येताना सायकलस्वाराचा जीव जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या तारेवर असतो. आपल्या जुन्या काळ्या दणकट सायकलींना ही तार नव्हतीच. तिथे सळया होत्या. लिव्हर ओढली की सळया वर उचलायच्या आणि रबरी गुटके रिमला आतून भिडायचे. चिखलापाण्यात टिकणारं काम, पण सळईला वळण जमत नाही.

वळण जमवलं अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या आयरिश माणसाने. त्याचं पेटंट 1896चं. रॅले सायकलींचा फ्रँक बोडन वेगळा. श्रेय मात्र पुष्कळदा त्यालाच दिलं जातं, हे बरं नव्हे. अर्नेस्टची खरी करामत तारेत नाही, तिच्यावरच्या आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात आहे. आतली तार जेवढ्या जोराने ताणली जाते, तेवढीच आउटर दाबली जाते. म्हणून आउटरच्या दोन्ही टोकांना पक्का टेकू लागतो.

1950च्या दशकात फ्रान्सच्या माफाक कंपनीने सेंटर-पुल ब्रेक गाजवले. दोन भुजा, दोघींची खीळ वेगळी, दोघींना जोडणारी आखूड तार आणि ती मधोमध वर ओढणारी मुख्य वायर. इथे आउटर ब्रेकवर टेकत नाही, टायरच्या वर सांगाड्यावर टेकते. उभ्या सायकलीत पुढचा टेकू हँडलच्या मुळाशी बसतो, मागचा सीटच्या बोल्टापाशी.

रिकंबंट म्हणजे पहुडून चालवायच्या सायकलीत सीट भलतीकडेच असते. अशाच एका सायकलवर, शार्ल मोशेने बनवलेल्या, फ्रान्सिस फोरने 1933मध्ये पॅरिसला तासाभरात 45 किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने ही जात शर्यतींतून बाद केली. माझ्या मते तो अन्याय होता.

सीट अशी भलतीकडे असल्यामुळे रिकंबंटला सेंटर-पुल लावायचा तर मागच्या चाकावर टेकू आपणच जोडून घ्यावा लागतो. पातळ पत्र्याची पट्टी लावली तर लिव्हर दाबताना नीट बघा: पट्टी खाली वाकताना दिसते. ती वाकते तेवढी ओढ वाया जाते, गुटके रिमला टेकतात पण आवळत नाहीत. लांबलचक आउटरला तीव्र वळण दिलं तर घर्षणही वाढतं.

तेव्हा घाटात उतरण्याआधी लिव्हर सगळा जोर लावून दाबा. टेकू हलला, तर गुटके बदलत बसू नका. आधी टेकू जाड पट्टीचा करून घ्या.