झँथेटे आणि निकेल धातुकांचे फेनप्लवन

झँथेटे : अल्कोहॉल, दाहक क्षार व कार्बन डायसल्फाइड यांच्या विक्रियेने बनणारी कार्बनी लवणे. यांपैकी बरीच लवणे पिवळी असल्यामुळे त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना हे नाव मिळाले. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइझ यांनी १८२२ च्या सुमारास त्यांचा शोध लावला. पुढे रेयॉन व खनिज संस्करण या दोन अगदी भिन्न उद्योगांना त्यांनी आधार दिला.

क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी १८९२ मध्ये सेल्युलोजाचे झँथेट तयार करून व्हिस्कोज पद्धत शोधून काढली. हे झँथेट विरल दाहक सोड्यात विरघळवून मिळणारा दाट विद्राव सूक्ष्म छिद्रांतून अम्लाच्या कुंडात सोडला म्हणजे सेल्युलोज धागारूपाने परत मिळते. ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोहोने येथील कारखाना २००९ मध्ये बंद पडला. शहाड येथील सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ मध्ये सुरू झाला.

फेनप्लवनात बारीक दळलेल्या धातुकाच्या (कच्च्या स्वरूपातील धातूच्या) पाण्यातील राळ्यात हवेचे बुडबुडे सोडतात. ज्या कणांचा पृष्ठभाग पाण्याने भिजत नाही ते बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. बेसेल बंधूंनी १८७७ मध्ये ग्रॅफाइटासाठी या तत्त्वाचा उपयोग केला. १९०५ नंतर ही पद्धत सल्फाइडी धातुकांसाठी व्यवहारात आली. परंतु त्या काळी वापरली जाणारी तेले निरनिराळी सल्फाइडे एकमेकांपासून नीट वेगळी करू शकत नसत. केलर यांना झँथेटांच्या वापराबद्दल १९२५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. झँथेटाचे गंधकयुक्त टोक सल्फाइडाला चिकटते व कार्बनी शेपूट पाण्यापासून दूर राहते. त्यामुळे अल्प मात्रेतही निवडक प्लवन शक्य झाले.

निकेलाच्या बाबतीत ही निवड विशेष अवघड असते. कॅनडातील सडबरीच्या धातुकात पेंटलँडाइट हे निकेलाचे खनिज पिऱ्होटाइट या लोहाच्या सल्फाइडाशी निगडित असते व झँथेट थोडेफार दोहोंनाही चिकटते. पिऱ्होटाइट भट्टीत गेल्यास सल्फर डाय-ऑक्साइड वाढतो. या वायूने सडबरी परिसरातील विस्तीर्ण वनश्री नष्ट झाली होती. उलट पिऱ्होटाइट वगळल्यास त्यात मिसळलेले थोडे निकेलही जाते. म्हणून क्षारता नियंत्रित करून व पिऱ्होटाइटाला खाली ठेवणारे अवसादक वापरून पृथक्करण सुधारण्यात आले. शंखजिऱ्यासारखी सहज तरंगणारी सिलिकेटे दाबण्यासाठी कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज वा गवारीचा डिंक वापरतात.

भारतात ओडिशातील सुकिंदा येथे निकेलाचे मोठे साठे आहेत. पण तेथील लॅटेराइटात निकेल लोहाच्या ऑक्साइडी खनिजांत विखुरलेले असल्याने झँथेटाचा उपयोग होत नाही. सिंगभूम पट्ट्यातील तांब्याच्या सल्फाइडांबरोबर मात्र अल्प निकेल सापडते.

झँथेट ओलाव्याने वा अम्लाने विघटित होऊन विषारी व अतिज्वलनशील कार्बन डायसल्फाइड बाहेर पडते. त्याच्या दीर्घ संपर्काने मज्जासंस्थेस अपाय होतो, हे व्हिस्कोज उद्योगातील कामगारांच्या आजारांवरून कळून आले. म्हणून धाग्याचा कारखाना असो वा प्लवनगृह, झँथेट कोरडे ठेवणे, राळा क्षारीय राखणे व वायुवीजन चोख असणे ही खबरदारी प्लवनगृहात, तर वायू शोषून घेण्याची सोय रेयॉनच्या कारखान्यात, उत्पादनाइतकीच महत्त्वाची ठरते.